तुम्ही विचारलंत म्हणून: सर्टिफिकेटचा पूर्ण पाथ

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची सर्व्हर सांभाळणारी मंडळी मला एकच प्रश्न विचारत आली आहेत: "तुमचा प्रोग्राम हाताने चालवला की चालतो, सर्व्हिस म्हणून लावला की सर्टिफिकेट सापडत नाही म्हणतो, मग तो स्वतःच चार ठिकाणी शोधून का घेत नाही?" सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारी फाइल, आणि सर्व्हिस म्हणजे सर्व्हर उठताच आपोआप सुरू व्हावा असा लावलेला प्रोग्राम. हे आळसापोटी राहिले आहे असा समज दिसतो, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

खानापुरातल्या एका पतसंस्थेत सर्व्हर बसवताना मी सेटिंगमध्ये सर्टिफिकेटचा पूर्ण पाथ, म्हणजे मुळापासूनचा पत्ता, न देता 'सर्ट्स' फोल्डरातील फाइल एवढेच लिहिले होते. माझ्या होम फोल्डरातून प्रोग्राम चालवला की ती सापडे. पुढे मी सिस्टमडीची (लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू करणाऱ्या व्यवस्थेची) सर्व्हिस लिहिली, पण प्रोग्राम आधीच हाताने चालू असल्यामुळे ती एकदाही सुरू करून पाहिली नाही. जुलैच्या पावसात एका दुपारी वीज गेली, यूपीएस संपला आणि वीज परतल्यावर सर्व्हर उठला. प्रोग्राम उठला नाही. संध्याकाळी पिग्मी एजंट बाजारात फिरू लागले, तेव्हा एकाच्याही मोबाइलवर पावती निघेना. भाजी विकणाऱ्या एका आजींनी पन्नास रुपये हातात धरून ठेवले आणि पावतीशिवाय देणार नाही म्हणाल्या, हे एजंटने मला फोनवर सांगितले. मी त्या एजंटला "नेटचा दोष आहे" असे सांगितले. ते खोटे होते.

पावसात पंचवीस किलोमीटर जाऊन लॉग, म्हणजे सर्व्हरने लिहून ठेवलेल्या नोंदी, वाचला. वर्किंग डिरेक्टरी, म्हणजे कुठल्या फोल्डरातून चालायचे ते, सांगितलेली नसेल, तर सिस्टमडी सिस्टमची सर्व्हिस सगळ्यात वरच्या, मुळाच्या फोल्डरातून सुरू करते, त्यामुळे 'सर्ट्स'चा शोध तिथे होत होता. पूर्ण पाथ लिहिला, तर परवानगी नाकारली गेली, कारण सर्व्हिसच्या युजरला माझे होम फोल्डर बंद होते. रात्र झाली होती. मी सर्व्हिस रूटच्या, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरच्या, नावाने चालवली आणि पाच महिने तशीच ठेवली. त्याची लाज आजही वाटते.

पाथचा प्रश्न वर्किंग डिरेक्टरी लिहूनही सुटला असता, हे मान्य आहे. पण चार ठिकाणी शोधणारा प्रोग्राम कुठली तरी जुनी प्रत उचलू शकतो, आणि मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचे नेहमीचे सर्टिफिकेट नव्वद दिवसांचे असल्यामुळे ती प्रत मुदत संपलेली निघू शकते. मग चूक लॉगमध्ये न दिसता ग्राहकाच्या फोनवर दिसते. त्यापेक्षा फाइल कुठे शोधली याचा पूर्ण पाथ सांगून प्रोग्रामने थांबावे, असे माझे मत आहे. मात्र त्या संध्याकाळी प्रोग्राम थांबलेलाच होता आणि त्याचा त्रास एजंटांनाच झाला, याला माझ्याकडे उत्तर नाही.

आता सर्टिफिकेटचे नूतनीकरण झाले की एक स्क्रिप्ट सर्टिफिकेट आणि त्याची खाजगी किल्ली (गुप्त ठेवायची जोडफाइल) सर्व्हिसच्या स्वतःच्या फोल्डरात उतरवते, मालकी बदलते आणि सर्व्हिस पुन्हा सुरू करते. सिस्टमडीची 'लोडक्रेडेन्शियल' सोय मूळ फाइल रूटकडेच ठेवून सर्व्हिसला ती वाचू देते, आणि तीच अधिक योग्य आहे हे मला पटते. तरी खानापूरच्या सर्व्हरवर खाजगी किल्लीची दुसरी प्रत अजून आहे. चालू असलेल्या त्या सर्व्हिसला हात लावण्याचे धैर्य मला झालेले नाही.