मग ‘मॅग्डाला’ बुडाली कशी नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून पुन्हा एकदा. प्रश्न ठरलेला: मुंबई बंदराच्या राखणीसाठी बांधलेली ब्रिटिश युद्धनौका ‘मॅग्डाला’ एवढ्या बुटक्या काठाची, म्हणजे डेक पाण्याच्या जेमतेम वर, मग भर समुद्रातून इथवर आली कशी? तशीच बुटकी ब्रिटिश युद्धनौका ‘कॅप्टन’ तर बुडाली!

दरवेळी ‘कॅप्टन’ मध्ये येतेच, तर आधी तीच घेऊ. आराखड्यात तिचा काठ पाण्यावर 8 फूट होता. बांधताना वजन वाढत गेलं आणि उरला साधारण साडेसहा फूट. त्यावर पूर्ण शिडं. जहाज कललं की सावरणारा जोर वाढत जातो, पण डेकची कड पाण्याखाली गेली की ती वाढ मंदावते. ‘कॅप्टन’ची कड 14 अंशांनाच बुडे, 21 अंशांनंतर जोर घटायला लागे. त्याच ताफ्यातल्या ‘मोनार्क’चा काठ 14 फूट, तिचा जोर 40 अंशांपर्यंत वाढता. 7 सप्टेंबर 1870, मध्यरात्र उलटलेली, स्पेनच्या फिनिस्टर भूशिराजवळ वादळ. शिडं उतरवायची धावपळ चालू असताना कलण्याचे आकडे ओरडून सांगितले जात होते: 18... 23... 28. मग ती उलटलीच. सुमारे 480 माणसं गेली, वाचली 18. ‘मोनार्क’ त्याच रात्री तगली.

पूर्वी मी इथे थांबून म्हणायचो, ‘मॅग्डाला’चा आराखडा ‘मोनार्क’ आखणाऱ्या एडवर्ड रीडचाच, विषय संपला. संपत नाही. रीडने बुटक्या डेकवर मधोमध चिलखती गढी उभारली. धुराडं, खाली जायच्या वाटा सगळं तिच्या आत, म्हणजे लाट डेकवरून गेली तरी पाणी पोटात शिरत नाही. हे पक्कं. पण ती गढी जहाजाच्या कडेपर्यंत रुंद नाही, त्यामुळे कललेल्या जहाजाला सावरण्यात तिची मदत तोकडी. आणि ‘कॅप्टन’ बुडाल्यावर काही महिन्यांतच, ऐन हिवाळ्यात, ‘मॅग्डाला’ निघाली ती तीन तात्पुरत्या डोलकाठ्या लावून! बुटका काठ वाईट की त्यावरची शिडं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. पोचली, हा काही पुरावा नव्हे.

इथे आल्यावर 10 इंची चार तोफा, पुढे 1892 च्या सुमारास 8 इंची. लढाई एकही नाही.

गढीवरून वाद घालणाऱ्यांनी तिची बहीण ‘सर्बेरस’ बघावी. 1926 पासून ती मेलबर्नच्या हाफ मून बेमध्ये आहे. 1993 साली खालचा सांगाडा खचला, तोफांचे बुरूज मात्र अजून पाण्यावर दिसतात.