पार्ट सी, मुलाखत आणि तिहाई

एमएस्सी झाल्यावर दोन कामं एकदम अंगावर घेतली. सीनियर कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवणं आणि सीएसआयआर-नेट या प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षेची तयारी. सीएचबीचं मानधन तासावर, त्यात हाती पडायला उशीर, म्हणून संध्याकाळी बारावीच्या शिकवण्या. अभ्यासाला उरायची ती पहाट.

गणिताच्या नेटमध्ये खरी कसोटी पार्ट सीची, म्हणजे पेपरातल्या तिसऱ्या भागाची. ६० प्रश्नांतले २० सोडवायचे, प्रत्येकी ४.७५ गुण. बरोबर पर्याय एकापेक्षा जास्त असू शकतात आणि ते सगळेच टिपले तरच गुण. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून बरेच जण तिथे ठोकून देतात. मला ते पटत नाही. रिअल ॲनालिसिस आणि लिनिअर अल्जिब्रा असे घोटावेत, की खोटा पर्याय दिसला की त्याला पाडणारं उदाहरण हाताशी हवं. मी अशा उदाहरणांची वेगळी वहीच केली होती. एकक मॅट्रिक्स घ्या आणि तिच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात शून्याऐवजी १ ठेवा : दोघींच्या आयगेन व्हॅल्यू त्याच, पण दुसरी डायगनलाइज होत नाही, म्हणजे तिला फक्त कर्णावर संख्या असलेलं रूप देता येत नाही. या एका जोडीवर कितीतरी पर्याय उडतात. संख्याशास्त्राच्या वाटेला मी गेलेच नाही. नेट निघाली.

मग प्राध्यापकपदासाठी मुलाखत. रँक-नलिटी या लिनिअर अल्जिब्रातल्या प्रमेयावर डेमो लेक्चर झालं, नेहमीचे प्रश्न झाले. एका विषयतज्ज्ञ सरांनी बायोडाटा उलटून विचारलं, "तबला? त्याचा इथे काय संबंध?"

मी फळ्यावर लिहिलं : ३ब + २द = १७. तिहाई म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं. ब म्हणजे बोलाच्या मात्रा, द म्हणजे दोन बोलांमधला दम, म्हणजे थांबा. तीनतालाच्या १६ मात्रा. समेपासून उचललेली तिहाई पुढच्या समेवर यायची, तर शेवटचा धा सतराव्या मात्रेवर. पाचाचा बोल, एकाचा दम : बसली. तिनाचा बोल, चाराचा दम : तीही बसली. बेदम, म्हणजे मध्ये न थांबता, हवी तर १७ ला तिनाने भाग जात नाही, पूर्ण मात्रांत जमायचं नाही. दोन आवर्तनं, म्हणजे तालाचे दोन फेरे, घेतली की ३३, बोल अकराचा.

शेजारच्या मॅडम म्हणाल्या, "झपतालात?"

दहा मात्रा, म्हणजे बेरीज ११. तिनाचा बोल, एकाचा दम. बेदमला पुन्हा दोन आवर्तनं, बोल सातचा. मॅडम टेबलावर बोटांनी मोजत होत्या.

निवड झाली. विद्यापीठाची मान्यता येईपर्यंत मात्र बरेच महिने गेले. शिकवण्या तोवर चालूच ठेवल्या.