माझा अनुभव: आडवी बाटली जिंकायची तर आधी मतदार यादी हातात घ्या

गावातलं परवान्याचं दारू दुकान बायकांच्या मतदानाने बंद करता येतं, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. राज्य सरकारच्या 2008 च्या आदेशात त्याची पद्धत घालून दिली आहे. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. मोर्चाला आणि घोषणांना कुठल्याच गावात तोटा नसतो. तरी गावं हरतात, आणि माझ्या पाहण्यात ती बहुतेक वेळा यादीच्या हिशेबात हरतात.

हिशेब असा. मतदान घ्या अशा मागणीच्या अर्जावर 25 टक्के महिला मतदारांच्या सह्या लागतात. दुकान बंद व्हायला मात्र यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. झालेल्या मतदानाच्या निम्मी पडून भागत नाही. समजा यादीत 1,200 बायका आहेत, तर किमान 601 मतं हवीत. मतदानाला 700 जणी आल्या, 590 आडवीला, 70 उभीला, 40 बाद, तरी गाव हरलं! परगावी असलेली, घरी बसलेली, अगदी वारलेली बाईसुद्धा इथे उभ्या बाटलीच्या पारड्यात जाते.

म्हणून अर्जाच्या आधी यादी साफ करायची. बीएलओ (मतदार यादीचं काम बघणारा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणजे बहुधा अंगणवाडीताई नाहीतर शाळेतले गुरुजी. त्यांना घेऊन गल्लीगल्लीत यादी वाचायची. मयत, लग्न होऊन सासरी गेलेल्या आणि दुबार नावांसाठी नमुना 7 भरायचा. लग्न होऊन गावात आलेल्या सुनांचं नाव माहेरच्या यादीत असेल तर नमुना 8, अठरा पूर्ण झालेल्या मुलींसाठी नमुना 6. नवी नावं घातली की लागणारा आकडाही वाढतो, हे खरं. पण या पोरी मतदानाला येतात, त्यामुळे तोटा होत नाही. नाव कमी व्हायला नोटीस-हरकतीचा वेळ जातो. अर्ज दिल्यावर हे काम काढलं तर उपयोग नाही.

सह्यांच्या कागदावर अनुक्रमांक, यादी भाग क्रमांक, यादीतला क्रमांक, यादीत छापलंय तसंच नाव आणि सही किंवा अंगठा असे रकाने आखा. यादीत ‘सुमन’ आणि कागदावर ‘सुमनबाई’ एवढ्यावरूनही हरकत निघते. नवऱ्याने केलेली सही तर हमखास उडते. 1,200 मध्ये 300 लागत असतील तर 400 च्या खाली थांबू नका. अर्जात दुकानाचा परवाना प्रकार लिहा: देशीचा सीएल-3, वाईन शॉपचा एफएल-2, परमिट रूमचा एफएल-3, बिअर शॉपीचा एफएल/बीआर-2. हातभट्टीचा या मतदानाशी संबंध नाही. ती मुळातच बेकायदा, तिची तक्रार पोलिसांत आणि उत्पादन शुल्क खात्याकडे. अर्ज देताना पोच घ्या, प्रत्येक पानाची झेरॉक्स ठेवा.

मग राज्य उत्पादन शुल्क खात्याचं पथक सह्या पडताळायला गावात येतं. ही पायरी लोक हलक्यात घेतात. पथक येणार ते कामाच्या दिवशी, भर दुपारी, आणि बायका खुरपणीला. एकेका गल्लीची जबाबदारी एकीने घ्यायची, ओळखपत्र आदल्या रात्रीच काढून ठेवायला सांगायचं, मजुरीवाल्या बायकांना पडताळणीला आधी पाठवायचं. ‘सही केलीस तर रेशन बंद होईल’ अशा वावड्या याच दिवसांत उठतात.

तारखेबद्दल तहसीलदारांशी वेळेवर बोला. बीड-नगर भागात ऊसतोडीला गेलेल्या बायका दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत गावात नसतात. त्या काळात मतदान लागलं तर निकाल आधीच ठरलेला समजा.

मतदान गुप्त असतं, शिक्का मारून. म्हाताऱ्या बायकांचा घोटाळा चित्रात होतो. ‘बाटली नको’ म्हणून कुठल्याच बाटलीवर शिक्का न मारता कोरी चिठ्ठी टाकणाऱ्या असतात, दोन्हींवर मारणाऱ्या असतात. दोन्ही मतं बाद. कोऱ्या कागदावर दोन चित्रं काढून घराघरात सराव घ्या: आडवीवर एकच शिक्का, चित्राच्या मधोमध, शाई वाळू द्यायची, मग घडी अशी घालायची की ओली शाई दुसऱ्या चित्रावर टेकणार नाही. शाई उमटलीच तर मोजणीच्या टेबलावर वाद होतो, आणि तिथे आपली हुशार प्रतिनिधी हवी. उमटलेला ठसा आणि मारलेला शिक्का वेगळा ओळखता येतो, तेवढं तिने ठासून सांगायचं. दुपारपर्यंत कोण आलं, कोण राहिलं याच्या खुणा यादीवर करत राहा आणि उरलेल्यांच्या दारात जा. साड्या नि पाकिटं आदल्या रात्री फिरतात. तक्रार लेखी द्या, फोटोसह.

निकाल लागला की लगेच कुलूप पडत नाही. अहवाल जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, बंदीचा आदेश तिथून निघतो. परवानाधारक अपिलात किंवा उच्च न्यायालयात जातो आणि पहिला मुद्दा सह्यांचा किंवा यादीचाच काढतो. आदेश निघायच्या आधीच वकिलाकडून कॅव्हेट दाखल करून ठेवा, म्हणजे तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय स्थगिती मिळवणं त्याला जड जाईल. त्या वेळी पडताळणीचा पंचनामा, मतमोजणीचा तक्ता आणि यादीची प्रत या तिन्हींच्या सहीशिक्क्याच्या प्रती हाताशी लागतात. त्या मोजणीच्या दुसऱ्याच दिवशी मागा. नंतर फाईल कुठल्या टेबलावर आहे ते शोधण्यातच महिना जातो.