तुम्ही विचारलंत म्हणून: चांगल्या पेशींच्या मागे का?

मालवणला आले की कुणी ना कुणी विचारतंच: ल्युकेमियावर काम करतेस, मग कॅन्सरच्या पेशी सोडून अस्थिमज्जेतल्या, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजातल्या, चांगल्या पेशींच्या मागे का? आता लिहूनच टाकते.

गेल्या मे महिन्यात शेजारची काकी पडवीत रातांबे फोडत होती. मुलाचा ल्युकेमिया उलटला होता. मान वर न करता म्हणाली, "चेडवा, रिपोर्ट चांगलो इललो मां? मगे रोग खंय लपान रवलेलो?"

मज्जेत, म्हटलं. तिथल्या स्ट्रोमा पेशी, म्हणजे रक्ताच्या पेशींना आधार देणाऱ्या पेशी, सीएक्ससीएल१२ नावाचं प्रथिन सोडतात, त्याच्या ओढीने ल्युकेमियाच्या पेशी जवळ येतात, तिथल्या फायब्रोनेक्टिन या चिकट प्रथिनाला चिकटतात आणि केमोतूनही काही तगतात.

तिचे हात थांबले. "म्हणजे तेच्याच हाडांनी आसरो दिल्यानी? थंयसून भायर काढूक नाय येणा?"

ती पकड सोडवणारं प्लेरिक्सॅफॉर हे औषध आहे, अमेरिकेत २००८ पासून रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी गोळा करायला वापरतात. केमोसोबतही तपासलं, पण ठाम यश नाही. तेही सांगितलं.

"मगे इतक्या शिकलस कित्याक?"

मी चिडले. आठवलं की अजूनही चिडते. तिच्यावर नाही चिडत, पण कुणावर, तेही सांगता येत नाही.

पूर्वी मीच म्हणायचे, बिघाड जनुकांत आहे, पेशी मारा, संपलं. ते खोटं नव्हतं. पण या पेशींचा रोग वाढण्याइतकाच न पिकण्याचा, म्हणजे कच्च्याच राहून कामाच्या रक्तपेशी न होण्याचा आहे. १९८८ मध्ये शांघायच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलं की ल्युकेमियाच्या एपीएल या प्रकारात ॲट्रा हे अ जीवनसत्त्वाच्या जातीचं औषध देऊन पेशी पिकवल्या, आणि २४ च्या २४ रुग्णांचा रोग हटला. इतर प्रकारांतल्या काही पेशीही प्रयोगशाळेतल्या बशीत एकट्या असताना ॲट्राने पिकतात. स्ट्रोमा सोबत ठेवला की अडतात, कारण त्याचं सीवायपी२६ हे विकर (एन्झाइम) ॲट्राच तोडून टाकतं. आंबा आढीत पिकतो, इथे आढीच त्याला कच्चा ठेवते. मग मी आढी बघू नको?

आणि हेच विकर निरोगी मूळपेशींनाही अकाली पिकू देत नाही. ते बंद केलं तर रोगाला धक्का बसेल की रक्त तयार करणाऱ्या पेशींना, यावर माझं मन रोज बदलतं. सीवायपी२६ ला तोडता न येणारे ॲट्रासारखे रेणू आहेत, सध्या माझ्या बशीत तेच आहेत. निरोगी पेशींना ते सोसतात का, तेही तिथेच बघायचंय.