अठ्ठावीस मात्रांनंतर

काउंटरवरच्या मुलीने जपानीत काहीतरी विचारलं आणि पेन उघडून माझ्याकडे बघत थांबली. मला कळेना. मागच्या मुलाने मोडक्या इंग्रजीत सांगितलं, कोणत्या बँडसाठी आलात ते विचारतेय. नाव कांजी लिपीत, मला कुठलं वाचता यायला? भिंतीवरच्या पोस्टरवर तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. तिने यादीत त्या बँडपुढे एक रेघ ओढली. आपण चार उभ्या रेघांवर एक आडवी मारून पाच मोजतो, इथे पाच रेघांचं एक अक्षर पूर्ण करतात. माझ्याआधीच तशी तीन अक्षरं झाली होती, वर दोन रेघा. म्हणजे मी अठरावी.

टोक्योतल्या शिमोकिताझावात लाइव्ह हाउसचा, म्हणजे बँड वाजतात त्या छोट्या जागांचा, हा हिशेब नवख्या बँडच्या जिवावर येणारा असतो. बऱ्याच ठिकाणी ठरलेली तिकिटं खपवायची जबाबदारी बँडचीच. कमी खपली की फरक त्यांच्या खिशातून. म्हणून ती रेघ.

निशी-कासाईहून ताईच्या घरून निघाले होते. ओतेमाचीला गाडी बदलून शिबुया, तिथून इनोकाशिरा लाइनची एक्स्प्रेस, पहिलाच थांबा. "शेवटची गाडी बघून ठेव गं," एवढंच ताई म्हणाली. इथले ओदाक्यू लाइनचे रूळ २०१३ साली जमिनीखाली गेले, पण गल्ल्या अजून अंग चोरून चालण्याइतक्याच. जुन्या कपड्यांची दुकानं, करीचे वास आणि तळघरांत गाणं. १९९१ पासूनचं शेल्टर हे लाइव्ह हाउस इथलं नावाजलेलं. मी गेले ती जागा त्याहून बरीच साधी. तिकिटावर वेगळे ६०० येन भरून एक पेय घ्यावंच लागतं. मी उलाँग चहा घेतला आणि खांबाला टेकून उभी राहिले.

हा बँड वाजवतो त्या संगीताचं मॅथ रॉक हे नाव मला कधीच आवडलं नाही. ऐकणाऱ्याला उगाच दहावीचा पेपर आठवतो. अमेरिकेत स्लिंट, डॉन कॅबलेरो या बँडांनी नव्वदीच्या सुरुवातीला हे आडवळणी ताल घट्ट केले. जपानी बँडांनी त्यात गोडवा आणला: टोक्योचे टो (२०००) आणि लाइट (२००३), क्योतोचा त्रिको (२०१०). मी या तिघांना कानात घालून लोकलमध्ये वर्षं काढलीत. समोर वाजताना मात्र पहिल्यांदाच बघत होते.

तिघंच आले. गिटारवाल्याने स्ट्रोक मारलाच नाही; दोन्ही हातांची बोटं तारांवर टपटप आपटत सूर काढत होता, पत्र्यावर पाऊस पडावा तसे. लहानपणी तबल्याच्या क्लासला घातलेलं, त्यामुळे माझा अंगठा आपोआप बोटांच्या पेरांवर फिरायला लागला. तीन-दोन-दोन. रूपक! सात मात्रा. खूश झाले. पण ड्रमर सरळ चारात वाजवत होता. माझी सम त्याच्या चौथ्या ठोक्यावर पडायची, पुढच्या आवर्तनात तिसऱ्यावर, मग दुसऱ्यावर. दोनदा हिशेब चुकला. मग उमगलं: सातची चार आवर्तनं आणि चारची सात, दोन्ही अठ्ठावीस. तेवढ्यानंतरच दोघं एका ठोक्यावर भेटत होते.

आणि त्या भेटीला काय उडी मारायचे! बेसवाली मुलगी गुडघे पोटाशी घेऊन वर, खाली येताना स्टेजची फळी दणाणायची. तिसऱ्या वेळी ड्रमरची काठी मोडली. तुकडा माझ्या पायाशी. त्याने डाव्या हाताने ताल चालू ठेवून उजव्याने पिशवीतून दुसरी काढली, झांजेवरचा एक ठोका तेवढा गेला. आजूबाजूचे सगळे नुसते मान हलवत होते, चारात. बोटं मोजणारी मी एकटीच. चौथ्या वेळी मीही मोजायचं सोडलं आणि चहा सांडला.

गाण्यांच्या मध्ये गिटार वेगळ्या सुरात लावायला एवढा वेळ जायचा की बेसवाली काहीबाही बोलत राहायची. लोक हसायचे, मीही हसायचे, काही न कळता. अर्ध्या तासात सगळं संपलं.

बाहेर टेबलावर सीडी विकायला ड्रमर स्वतःच, गळ्यात टॉवेल. हजार येनला एक घेतली आणि बोटं दाखवून विचारलं, "सेव्हन?" त्याने मान हलवली, नाही. मग टेबलावर बोटं आपटत तोंडाने म्हणून दाखवलं, "ताकाता, ताका, ताका." मी म्हटलं, "ती ती ना, धी ना, धी ना." त्याने फोन काढला, पुन्हा म्हणा अशी खूण केली. तीनदा म्हणावं लागलं. मागे रांग खोळंबली होती, आणि माझी शेवटची गाडीही.