कबरीचं छातीचं हाड

कबरी दांडीच्या टोकाशी उभी होती. मान खाली घालायची, वर करायची, एक पाय उचलायची आणि पुन्हा तिथेच टेकवायची. बाकीच्या कोंबड्या केव्हाच उतरून दाण्याला लागल्या होत्या. असं तीन दिवस चाललं. अंडं रोज मिळत होतं, तुरा लालभडक होता, म्हणून मी फारसं मनावर घेतलं नाही. ते तीन दिवस तिने दुखणं अंगावर काढलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

चौथ्या रात्री सगळ्या शांत बसल्यावर तिला मांडीवर घेतलं. कोंबडीच्या छातीच्या मधोमध हाडाची एक उभी कड असते, तिला कील म्हणतात. उडायचे मोठे स्नायू तिच्या दोन्ही बाजूंना चिकटलेले असतात. ही कड चिमटीत धरून मी गळ्याकडून शेपटीकडे हळूहळू बोटं सरकवत गेले. आधी सगळं सरळ होतं. मागच्या टोकाजवळ मात्र बोटाला एकदम पायरीसारखं लागलं, भोवती मऊ, गरम सूज. तिथे बोट टेकताच कबरीने अंग चोरलं. बाहेरून बघून हे कुणालाच कळलं नसतं.

एक्स-रेमध्ये मागच्या टोकाशी मोड दिसली. डॉक्टर म्हणाले, अंड्यावरच्या कोंबड्यांमध्ये हे सर्रास होतं, पिंजऱ्यातल्या असोत की मोकळ्या फिरणाऱ्या, आणि बहुतेक वेळा याच टोकाला. अंडी सुरू होतात 18-20 आठवड्यांना, पण कीलचं टोक पूर्ण हाड व्हायला साधारण 35 ते 40 आठवडे लागतात. तोवर तिथे कूर्चाच, म्हणजे मऊ, लवचीक हाड असतं. त्यात एका अंड्याच्या कवचाला सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम लागतं. कवच बहुतांशी रात्री तयार होतं, तेव्हा आतड्यातलं कॅल्शियम संपलं की ते हाडातून घेतलं जातं. कबरी रोज अंडं देते म्हणून मी निश्चिंत होते, आणि तेच अंडं तिच्या हाडातून वजा होत होतं.

प्लास्टर घालता येईल का, असं मी विचारलं. नाही येत. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा, नसतं. छातीचं हाड खालीवर होतं तेव्हाच हवा आतबाहेर होते. म्हणजे मोडलेलं हाड प्रत्येक श्वासाला हलतं आणि हलत हलतच जुळतं. हे ऐकल्यावर मी तिच्या छातीची ती लय कितीतरी वेळ बघत बसले.

वेदनाशामक मिळालं. ते चालू असताना आणि नंतर डॉक्टरांनी सांगितलेले दिवस तिची अंडी आम्ही खाल्ली नाहीत. तिला जाळीआड ठेवलं, म्हणजे इतर कोंबड्या दिसतील पण उडी मारावी लागणार नाही. खाली जाड भुसा पसरला, दांडी जमिनीलगत आणली. संध्याकाळी शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात ठेवायला लागले. तो पोटात सावकाश विरघळतो आणि रात्री उपयोगी पडतो.

दर आठवड्याला चाचपत होते. पहिल्या दोन आठवड्यांत सूज उतरली. तिसऱ्या आठवड्यात मऊपणा जाऊन गाठ घट्ट लागायला लागली, म्हणजे मोडीभोवती नवं हाड धरत होतं. सहाव्या आठवड्यात दाबलं तरी तिने अंग चोरलं नाही. वाकडेपणा मात्र राहिला, तो आता जायचा नाही.

मग बाकीच्या दहा जणींनाही एकेक करून मांडीवर घेतलं. चौघींच्या कीलवर जुन्या, टणक गाठी होत्या. ती हाडं कधी मोडली, कधी सांधली, मला पत्ताच नव्हता. त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी उंच दांडी काढून टाकली आणि उरलेलीला जमिनीपर्यंत तिरकी फळी लावली, पाय घसरू नये म्हणून तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोकल्या. कबरी दोन दिवस फळीजवळ जाऊन परत फिरली. तिसऱ्या सकाळी पट्टीपट्टीवर पाय ठेवत खाली आली आणि सरळ दाण्याकडे गेली.