माथारोन-२ : चौथी फळी बसली!

चौथी फळी बसली! माथारोन-२ म्हणजे स्पेनच्या किनाऱ्याजवळ समुद्रात सापडलेली फिनिशियनांची (भूमध्य समुद्रातल्या प्राचीन दर्यावर्दी व्यापाऱ्यांची) होडी, आणि मी तिचं लाकडी मॉडेल बांधतोय. फळी नाळेपासून (पुढच्या टोकापासून) मागच्या टोकापर्यंत सलग, आणि कुठेही गोंद नाही. मागच्या नोंदीत तिसऱ्या फळीपाशी काम अडल्याचं लिहिलं होतं. ती गाठ आता सुटली आहे, म्हणून आधी तिच्याबद्दलच लिहितो.

आपल्या १:१० मॉडेलमध्ये फळी ३ मिमी जाड आहे. तिच्या काठात १ मिमीची खाच कोरली की दोन्ही बाजूंना जेमतेम एकेक मिमी लाकूड उरतं. होडीच्या मधल्या भागात कुसू, म्हणजे दोन फळ्यांच्या खाचांत बसणाऱ्या चपट्या लाकडी जिभा, एकमेकांना समांतर उभे राहतात, त्यामुळे वरची फळी सरळ खाली उतरते. नाळेकडे मात्र फळी वळते आणि पिळतेही, म्हणून तिथले कुसू पंख्यासारखे फाकतात. मधले आत गेले की टोकाचे शिरत नाहीत, आणि जोर लावला की खाचेची बाहेरची भिंत उडते. त्यात पावसाळी हवेने फळ्यांचं पाइन लाकूड फुगलं होतं.

उत्तर मिळालं ते कुसवाच्या जाडीचा आणि रुंदीचा वेगवेगळा विचार केल्यावर. जाडीला कुसू घट्ट असला की दोन फळ्यांचे पृष्ठभाग एका पातळीत राहतात. रुंदीला घट्ट असला की फळ्या लांबीच्या दिशेने एकमेकींवर सरकत नाहीत. फळ्या विलग होऊ न देण्याचं काम फळी आणि कुसू यांच्या आरपार मारलेल्या आडव्या खुंटीचं. म्हणून मध्यभागी दोन्ही मापं घट्ट ठेवली. शेवटच्या पाव भागात जाडी घट्टच ठेवून खाच रुंदीला अर्धा मिमी सैल केली आणि कुसवाची टोकं निमुळती केली. सरकणं मधले कुसू अडवतात, टोकाच्यांना तेवढी मोकळीक चालते. खालच्या फळीत कुसू खुंटी मारून पक्के करायचे, वरची फळी खाली बसवून शिकंजात (क्लॅम्पमध्ये) दाबायची, आणि मगच तिच्या खुंट्यांची भोकं पाडायची. फळी खाली उतरताना जो बारीक ‘टक’ आवाज आला, तो ऐकायला फार गोड वाटला!

हा कुसू-खुंटीचा सांधा फिनिशियनांचा मोठा वारसा आहे. इ. स. पू. दुसऱ्या शतकात रोमन लेखक केटो तेलाच्या दाबयंत्राची लाकडी चकती ‘प्युनिक’ (म्हणजे फिनिशियन) सांध्यांनी जोडायला सांगतो. समुद्रावरचं कसब शेतावरच्या सुताराच्या हातापर्यंत पोहोचलं होतं.

खुंट्या बांबूच्याच कराव्यात, असं माझं ठाम मत आहे. सोनाराच्या तार ओढायच्या पट्टीतून काड्या ओढल्या की एकसारख्या निघतात. ऑनलाइन मागवलेले बारीक ड्रिल लगेच मोडले. शिवणयंत्राची सुई चपटी घासून हातपकडीत धरली, तर भोक जास्त स्वच्छ पडतं. मूळ कुसू ऑलिव्हच्या लाकडाचे होते, मी शिसम वापरतोय.

फासळ्यांचं लाकूड मात्र अगदी मुळासारखं मिळालं. माथारोनच्या फासळ्या अंजिराच्या आहेत, आणि पुरंदरच्या अंजीरबागांत छाटणीच्या फांद्या मिळतात. नैसर्गिक बाक असलेल्या निवडा आणि चीक पूर्ण सुकल्याशिवाय हात लावू नका, कातडी जळजळते. कोवळ्या फांदीत गाभा पोकळ निघतो, तेव्हा जुनीच घ्या. या फासळ्या दोरीने बांधायच्या आहेत. अरबी समुद्रातल्या शिवलेल्या गलबतांवर वाढलेल्या आपल्या डोळ्यांना हे पाहून आनंद होईल. तिथे फळ्याच शिवतात, इथे फळ्यांना कुसू आणि फासळ्यांना दोर.

लाकडी नांगरही झाला. आडव्या दांड्याच्या पोकळीत शिसं ओतलं, मुळातही तसंच आहे.

नांगर तोलताना डोक्यात आलं की हे मॉडेल काचेच्या पेटीत का ठेवायचं? मूळ होडी ८.१५ मीटर लांब, २.२५ मीटर रुंद, आणि तिच्यात सुमारे २,८०० किलो शिसं होतं. १:१० ला वजन हजारावा भाग, म्हणजे २.८ किलो. मासेमारीची शिशाची वजनं वितळवून तेवढ्या लगडी सहज होतील. मग एक बाजू उघडी ठेवून सांधे दाखवायचा आधीचा बेत रद्द. पूर्ण फळ्या लावायच्या, लाकूड पाण्यात फुगू द्यायचं, आणि भरलेली होडी टाकीतल्या पाण्यात किती खोल बसते ते मोजायचं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मूळ होडी तुकड्या-तुकड्यांनी समुद्रातून काढून स्पेनमधल्या कार्ताहेनाच्या संग्रहालयात नेली. तिथून नवी मापं आली तर कण्याची (तळाच्या मधल्या लांब तुळईची) जाडी पुन्हा तपासेन. तोवर पाचव्या फळीच्या खाचा आखायला घेतो. अंबाडीचा बारीक, पीळ न सुटणारा दोरा कुणाकडे असेल तर कळवा.